तळघरातलं गाणं

आभाळाकडे बघून ज्यांचा जीव खालीवर होतो अशी माणसं इंडियानाच्या मक्याच्या मुलखात दोन प्रकारची. एक शेतकरी, आणि दुसरा त्या शेतकऱ्याला गारपिटीचा विमा विकणारा लोएल डिट्मर. ढग आले की शेतकरी काळजीत, कारण पीक जाईल. ढग न बरसता गेले की लोएल काळजीत, कारण पुढच्या वर्षी विमा कोण घेईल? आणि ढग येईनात की जाईनात, नुसते टांगून राहिले, तर लोएल दोन्ही बाजूंनी काळजी करायचा. अशा माणसाला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीत बसवला तरी त्याचा उजवा पाय आपला एकटाच कुठेतरी निघालेला असे. त्याची बायको अर्लीन म्हणायची की या पायाला पट्टा जोडून घेतला असता तर आपलं शिवणाचं मशीन विजेशिवाय चाललं असतं.

या माणसाला जगात एकाच ठिकाणी बरं वाटायचं. कॉलेजच्या टेकडीवर, मेपलच्या झाडांच्या रांगेच्या टोकाला, कंदिलाचं घर होतं. दारावर तांब्याचा भलामोठा कंदील आणि शेजारी तीन ग्रीक अक्षरं. अक्षरांचा अर्थ फक्त सभासदांना माहीत असायचा, आणि त्यांतल्या निम्म्यांना तोही आठवत नसे. कॉलेजात अशा फ्रॅटर्निटी पुष्कळ होत्या, पण लोएलच्या लेखी घर म्हणजे हेच. चाळीसेक पोरं तिथे एकत्र राहायची, एका टेबलावर जेवायची आणि एकमेकांना भाऊ म्हणायची. एकदा भाऊ झाला की मरेपर्यंत भाऊ. सख्ख्या भावांत जे बांधावरून होतं ते इथे होत नसे, कारण इथल्या भावांत बांधच नव्हता.

लोएल अठराव्या वर्षी या घरात आला तो डुकरांच्या वाड्यावरून थेट. बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. टाय शेजाऱ्याने बांधून दिला होता. गाठ सुटेल या भीतीने तो आठवडाभर टायसकट झोपला. त्याला भावांनी माणसात आणलं. हात कसा मिळवायचा, डोळ्यांत कसं बघायचं, माणसाचं नाव एकदा ऐकलं की कसं लक्षात ठेवायचं, आणि नावाबरोबर गाव, आणि जमलं तर कुत्र्याचंही नाव. दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे स्वयंपाकघराचा कारभार दिला. भुकेल्या चाळीस माणसांना मुद्द्याने पटवता येत नाही, आधी वाढावं लागतं, हे राज्यशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं ते तो तिथे शिकला. तिसऱ्या वर्षी नव्या पोरांची निवड त्याच्याकडे आली. निवडणं कुणालाही जमतं. नाकारलेल्याला घरी पाठवणं अवघड. त्यात लोएल उस्ताद झाला. खांद्यावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, गाव घ्यायचं, आणि सांगायचं की हा तुझ्याबद्दलचा निकाल नाहीच मुळी. नाकारलेला मुलगा जाताना त्याचे आभार मानून जायचा.

पुढचं आयुष्य मग उतारावरच्या गाडीसारखं गेलं. मर्ल हॅनावॉल्ट नावाच्या जुन्या भावाची गारपीट विम्याची कंपनी होती. त्याने लोएलला फुटबॉलच्या सामन्यात, मध्यंतरात, हातातला हॉटडॉग संपायच्या आत नोकरी दिली. घराचं कर्ज देणारा बँकवाला भाऊ. मूतखडा काढणारा डॉक्टर शेल्बी भाऊ. कंपनीत जिल्ह्याचा मुख्य झाला तेव्हा ज्यांनी मत दिलं त्या संचालकांत दोन भाऊ. नळ दुरुस्त करणारा तेवढा भाऊ नव्हता, आणि डिट्मरांचा नळ कायम गळत असे.

एवढं सगळं मिळालं, तरी दोन शेतांच्या मधल्या सरळसोट रस्त्यावरून गाडी हाकताना एक विचार चोरासारखा आत यायचा. कंदिलाचं घर नसतं तर? मर्लने मला घेतलं ते माझ्याकडे बघून की माझ्या कोटावरच्या बिल्ल्याकडे बघून? लोएल रेडिओ मोठा करायचा. रेडिओवर हवामान लागलेलं असायचं. म्हणजे एक काळजी घालवायला दुसरी.

आता तो घराचा सल्लागार होता. दर सोमवारी कोट घालून पोरांबरोबर जेवायचा आणि कोणता काटा केव्हा उचलायचा इथपासून मुलाखतीत पगाराचा विषय कुणी काढायचा इथपर्यंत सगळं शिकवायचा. पोरं त्याची टिंगल करायची, पण टाय नीट बांधून करायची, यात तो खूश होता.

आणि त्या सप्टेंबरात त्याचा मुलगा कर्ट कॉलेजात आला.

कर्ट आईवर गेला होता. हाडापेराने मोठा, बोलायला कमी, हातांत कसब. गाईच्या कासेपासून ट्रॅक्टरच्या पंपापर्यंत जे बिघडेल त्याच्यासमोर तो मांडी घालून बसे आणि उठे तेव्हा ते चालू झालेलं असे. त्याला गाईगुरांचं शिक्षण घ्यायचं होतं. लोएलची त्याला हरकत नव्हती. गाईंच्या डॉक्टरालाही भाऊ लागतातच. पण कर्ट कंदिलाच्या घरात गेला पाहिजे, यावर त्याने सगळा जीव टांगला होता. नुसता बापाचा हट्ट नव्हता तो. मुलगा त्या दारातून आत गेला की आपण गेलो ते बरोबर होतं असं सिद्ध होईल, असं काहीसं त्याच्या पोटात होतं. ते त्याने अर्लीनलाही सांगितलं नव्हतं.

सभासदाचा मुलगा म्हणून घरात मान मिळे, जागा मिळेलच असं नाही. जागा पेटी देई. अक्रोडाच्या लाकडाची जुनी पेटी, पुढे हात जाईल एवढं भोक, आत पांढऱ्या गोट्या आणि काळे चौकोनी ठोकळे. एकेकाने जायचं, हात घालायचा, आतल्या आत एक उचलून पलीकडच्या खणात टाकायचं. खणाला आतून बनातीचं जाड मऊ कापड लावलेलं, म्हणजे आवाजावरूनही कळू नये. सगळ्या गोट्या पांढऱ्या निघाल्या तर मुलगा भाऊ. एक ठोकळा काळा निघाला तर नाही. कुणी टाकला हे विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. सल्लागाराला मत नसे. त्याने खोलीतही थांबायचं नसे.

उन्हाळाभर लोएलने कर्टची तालीम घेतली. फ्रिजच्या दांड्याशी हात मिळवायला लावला. चाळीस पोरांची नावंगावं गाडीत म्हणून घेतली. शेवटी कर्टच एकदा म्हणाला, "बाबा, मला ती पोरं आवडतात. खरंच आवडतात. पण त्यांना आवडायचं काम तरी माझं मला करू द्या."

लोएल बरं म्हणाला आणि पुढच्या वळणावर त्याने विचारलं, "लोगन्सपोर्टचा कोण?"

"डग विटमायर," कर्ट म्हणाला, "अध्यक्ष. कुत्र्याचं नाव सार्जंट. आता पुढे बघून चालवा."

निवडीच्या आठवड्यातल्या शनिवारी घराच्या हिरवळीवर नेहमीची मेजवानी होती. जाळीवर मांस भाजत होतं, कणसं उकळत होती, आणि नवी पोरं नव्या शर्टात उभी राहून मजा येत असल्यासारखं करत होती. लोएल लिंबू सरबताच्या भांड्यामागे होता. तिथून सगळं दिसे. कर्टचं चांगलं चाललं होतं. त्याने कुणाचं गाव पाठ म्हणून दाखवलं नाही, कुणाच्या विनोदाला गरजेपेक्षा जास्त हसला नाही. व्हॉलीबॉलच्या जाळीची दोरी तुटली तेव्हा कुणी न सांगता खाली बसला आणि गाठी मारायला लागला. दोनचार पोरं त्याच्याभोवती जमली. डग विटमायरने दोरीचं दुसरं टोक धरलं. लोएलच्या मनात आलं, झालं, पोरगं आत गेलं.

हाताला काम लागलं की कर्ट गुणगुणत असे. लहानपणापासूनची सवय. त्याने गाठ आवळली आणि गुणगुणायला लागला.

पहिल्या ओळीला डगने दोरी सोडली. दुसऱ्या ओळीला मांस भाजणाऱ्या पोराच्या हातातला चिमटा थांबला. कंदिलाच्या घराचं एक गाणं होतं. ते वर्षातून एकदा, नवे भाऊ आत घेताना, तळघरात मेणबत्त्यांच्या उजेडात म्हणायचं. त्याचे शब्द तर सोडाच, चालसुद्धा जिना चढून वर आणायची नाही, अशी शपथ असे. पन्नाससाठ वर्षं ती कुणी मोडली नव्हती. आणि आता तीच चाल भर दुपारी, कणसांच्या वाफेत, एक बाहेरचा मुलगा अगदी बिनचूक सुरात गुणगुणत होता. ज्यांना ती चाल माहीत होती ती सगळी हिरवळ गप्प झाली. ज्यांना माहीत नव्हती ते नवे बिचारे सगळे गप्प झाले म्हणून गप्प झाले.

इथवरही निभावलं असतं. एखादी चाल एखाद्या चालीसारखी असू शकते. पण त्या गाण्यात तिसऱ्या ओळीला खालचा सूर येतो, आणि लोएल डिट्मर तीस वर्षं खालच्या सुरात गात आला होता. सगळीकडे शांतता, मुलाची तिसरी ओळ आली, आणि सरबताच्या भांड्यामागून, लोएलला न विचारताच, खालचा सूर निघाला.

बापलेकांनी ओळ सुरेख पुरी केली. मग लोएलच्या कानांवर स्वतःचा आवाज पडला.

घरी येताना गाडीत उलगडा झाला. लोएल रोज दाढी करताना गुणगुणायचा. तळघरातलं गुणगुणतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. कर्टने ती चाल पाळण्यात ऐकली होती. त्याला ती पाळणागीतच वाटायची. घरी पोचल्यावर अर्लीन हे ऐकून म्हणाली, "अरे देवा," आणि खाली बसली. तिला आणखी काहीतरी आठवलं होतं.

रविवारी दुपारी लोएलला जेवणघरात बोलावलं. टेबलं भिंतीला लावलेली, बाकांवर पोरं कोट घालून बसलेली, समोर हातोडा घेऊन डग विटमायर. दोन वर्षांपूर्वी याच डगला शेजारच्याकडे मीठ मागायचा धीर होत नव्हता. लोएलने त्याला सोमवारमागून सोमवार उभं करून बोलायला लावलं होतं. आता तो पोरगा चाळिसांच्या सभेला एका नजरेने गप्प करत होता. लोएलची छाती अभिमानाने भरून आली.

"डिट्मर सर," डग म्हणाला, "बसा म्हणालो असतो, पण नियमात उभं राहायचं आहे."

"ठाऊक आहे. मीच घातला तो नियम."

"चाल कर्टला तुम्ही शिकवलीत?"

लोएलने दाढीचं सांगितलं. मी दुसरंच काहीतरी गुणगुणतोय असं वाटायचं, म्हणाला. काय वाटायचं, ते सांगता येईना.

"घरात आणखी कुणाला येते?"

"अर्लीनला."

"आणखी?"

लोएलने छताकडे बघितलं. छतात मदत नव्हती. "अर्लीन आमच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते," तो म्हणाला.

"चर्चमध्ये," डग म्हणाला. "म्हणजे किती जणांना?"

"गावातल्या सगळ्या मेथडिस्टांना. दानाची थाळी फिरते तेव्हा वाजवते. पाद्रीबुवांना फार आवडते. नाताळात दोनदा वाजवायला लावली."

मागच्या बाकावर एकाला खोकला लागला, शेजाऱ्याला त्याची लागण झाली. डग पाणी प्यायला वळला आणि बराच वेळ पीत राहिला. वळला तेव्हा चेहरा अध्यक्षाचा होता. लोएलने वर्षभर तळघरात उतरायचं नाही, असं ठरलं. ठरावाला अनुमोदन द्यायला कुणी धजेना, तेव्हा ते लोएलनेच दिलं. नियमात बसत नव्हतं, पण चालवून घेतलं.

मग त्याला बाहेर व्हरांड्यात, कर्ट थांबला होता तिथे, पाठवून पोरांनी कर्टचं काय करायचं यावर डोकं लावलं. वकील होऊ घातलेल्या पेनिंग्टन नावाच्या चष्मेवाल्याने मुद्दा मांडला. गुपित बाहेर राहता कामा नये. तेव्हा एक तर कर्टने चाल विसरली पाहिजे, नाही तर कर्टच आत आला पाहिजे. पहिलं माणसाच्या हातात नाही. कुणीतरी मेथडिस्टांचं काय म्हणून विचारलं. त्यांना शब्द माहीत नाहीत, पेनिंग्टन म्हणाला, आणि बिनशब्दांची चाल म्हणजे भजन. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पेटी ठेवावी लागणार होतीच, पण प्रत्येकाने पांढरी टाकायची हे बोलल्याशिवायच ठरलं.

ते सांगायला डग स्वतः व्हरांड्यात आला. लोएलने कठडा घट्ट धरला. आनंदाने ओरडू नये म्हणून. कर्टने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काल गुणगुणलो नसतो तर?"

"ते आता कसं कळणार?" डग म्हणाला.

"पेटी आहे ना? कळेल की." कर्टने हात खिशात घातले. "त्यांना सांग, ती चाल मी पुन्हा तोंडातून काढणार नाही, घेतलं तरी नाही आणि नाही घेतलं तरी नाही. ते हिशेबातून काढा. मी गुणगुणायच्या आधी, शुक्रवारी, ज्याने जे टाकलं असतं ते टाका."

डगने असं कुणी मागितलेलं कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला विचार कर, आणि आत न जाता दारातच थांबला. लोएलने मुलाला दंडाला धरून हिरवळीवर, अक्रोडाच्या झाडाखाली नेलं.

"तुला कळतंय का तू काय करतोस? ते दार उघडं आहे. नुसतं आत पाऊल टाकायचं."

"गुपिताला पडलेलं भोक बुजवायला मला आत घेताहेत, बाबा."

"कशाला का घेईनात. एकदा आत गेलास की कुणी विचारत नाही कसा आलास. आणि बाहेर पडल्यावर... अरे मला मर्लने सामन्यात नोकरी दिली. हातात हॉटडॉग होता माझ्या. दुसऱ्या कुणाला देईल असा?"

"नाही देणार. तेच म्हणतोय मी." कर्टने खाली बघितलं, मग वर. "तुम्हाला कधी कळलं का, तुम्ही या कामात चांगले आहात की नाही ते?"

शेतकऱ्यांची नावं लोएलला पाठ होती. दोन चांगली वर्षं आणि एक जिल्ह्याचं बक्षीस सांगता आलं असतं. बक्षीस भावानेच दिलं होतं.

"मला ही पोरं खरंच हवीत," कर्ट म्हणाला. "म्हणून म्हणतोय. नाही तर गप्प आत गेलो असतो."

कर्टने दारातल्या डगला मानेने हो म्हटलं. डग आत गेला. दार लागलं.

पेटीचं मतदान कसं चालतं ते लोएलला अंधारातही सांगता आलं असतं. तो पायऱ्यांवर बसला, उठला, कंदिलाखाली गेला, परत आला. कर्ट कठड्याला टेकून हिरवळीवरच्या सैल झालेल्या जाळीकडे बघत होता. आत एकेकाच्या पावलांचा आवाज, थांबणं, परत पावलं. मग पावलं संपली. मग काहीच नाही. लोएल दारासमोर येऊन उभा राहिला, कारण आता दार उघडायला हवं होतं.

दार उघडलं नाही. आत बाकं सरकली आणि पावलं पुन्हा सुरू झाली.

एक काळा ठोकळा निघाला की मतदान तिथल्या तिथे पुन्हा घ्यायचं, असा रिवाज होता. हात चुकला असेल, चाचपडताना गोटीऐवजी ठोकळा आला असेल, म्हणून. दुसऱ्यांदा निघालं ते पक्कं. हे लोएलला माहीत होतं, कर्टला नव्हतं.

"काय चाललंय?" कर्टने विचारलं.

"काही नाही. बाकं सरकवताहेत," लोएल म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला जागचं हलता येईना. चुकला असेल, तो मनात म्हणत होता. कुणाचा तरी हात चुकला असेल. भोक अरुंद आहे ते, मी किती वेळा म्हणालो मोठं करा.

डग बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तेही लोएलनेच शिकवलेलं. तो आधी कर्टकडे गेला. खांद्यावर हात ठेवला, नाव घेतलं, गाव घेतलं. "एकच होता," म्हणाला. "पण दोन्ही वेळा होता." त्यापेक्षा जास्त सांगायचा त्याला हक्क नव्हता आणि त्याने सांगितलंही नाही. कर्टचे कान लाल झाले. त्याने हात पुढे केला, डगच्या डोळ्यांत बघितलं, आभार मानले. मग म्हणाला, ती जाळी डाव्या बाजूला पुन्हा आवळायला हवी, काल अर्धवट राहिली. आणि तो गाडीकडे गेला.

मग डग लोएलकडे वळला आणि त्याच्याही खांद्यावर हात ठेवला. "डिट्मर सर," तो म्हणाला. पुढचं वाक्य काय येणार ते लोएलला शब्दन्‌शब्द माहीत होतं. ते त्यानेच कधीतरी, याच व्हरांड्यात, एका मुलाला सांगता सांगता तयार केलं होतं, आणि पुढे पिढ्यांमागून पिढ्यांना शिकवलं होतं. हा कर्टबद्दलचा निकाल नाहीच मुळी. डगने ते फार चांगलं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हा हात असा वजनदार असतो, हे लोएलला कुणी सांगितलं नव्हतं. त्याखालून गेलेल्या पोरांची नावंगावं, कुत्र्यांसकट, त्याला एकदम आठवायला लागली आणि थांबेनात. त्याने डगचे आभार मानले. तसंच करायचं असतं.

गावाबाहेरच्या खानावळीत कर्टने तळलेल्या डुकराच्या मांसाचे पावाबाहेर आलेले दोन तुकडे खाल्ले. लोएलने बशीतल्या काकडीचे काप रांगेत लावले. कर्ट मधेच थांबला, बाहेर बघत राहिला, डोळे पुसले आणि परत खायला लागला. लोएल म्हणाला, मी मर्लशी बोलतो. कर्ट म्हणाला नको. लोएल म्हणाला, मग डॉक्टर शेल्बीशी तरी. कर्टने हसून मान हलवली. "दुखतंय, बाबा," तो म्हणाला, "पण ते माझं मला दुखू द्या. तुम्ही त्यात भाऊ घालू नका."

सोमवारी सकाळी कॉलेजच्या गोठ्यात दूध काढायला माणूस हवा असल्याचं कर्टला कळलं. गोठ्याच्या माडीवर झोपायची सोय होती. त्याने कुणाचं नाव न सांगता काम मागितलं. गोठ्याच्या मुकादमाने त्याला एका लाथाळ गाईखाली बसवलं, आणि तो अर्धी बादली घेऊन, धडधाकट, बाहेर आला तेव्हा ठेवून घेतलं. दुपारी त्याने फोन करून आईला हे सांगितलं. आवाज चांगला होता, अर्लीन म्हणाली. तुझ्यापेक्षा चांगला.

संध्याकाळ झाली तशी लोएलने कोट काढला, परत कपाटात ठेवला, परत काढला. अर्लीन म्हणाली, नको जाऊस या सोमवारी, कुणी काही म्हणणार नाही. म्हणूनच जायला हवं, असं लोएलच्या मनात आलं. का ते त्याला धड सांगता येईना. तो म्हणाला, "छपराचं बोलायचंय पोरांशी," आणि गेला.

कंदिलाच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. पोरं कोटात, खुर्च्यांमागे उभी. लोएल बसला तशी बसली. लोएलने काटा उचलला तसे सगळ्यांनी उचलले, आणि बरोबर तोच काटा. डगने आठवड्याची कामं सांगितली, थोडक्यात, कुणाचं नाव न विसरता. एकाने मुलाखतीचा प्रश्न विचारला, लोएलने उत्तर दिलं. आवाज फुटला याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. कुणी कर्टचं नाव काढलं नाही, काढायचं नसतंच.

आणि लोएल चेहरे बघत होता. या चाळिसांत एक होता. पेनिंग्टन? त्याने मुद्दा मांडला होता कर्टच्या बाजूने, पण वकिली डोक्याचा काय भरवसा? मांस भाजताना चिमटा धरून उभा होता तो? कुणीतरी, सगळं घर पांढरं टाकायला निघालेलं असताना, दोनदा हात घालून तोच काळा ठोकळा शोधून काढला होता. कर्टने शुक्रवारचं मत मागितलं होतं, आणि बहुधा या एकट्यानेच ते दिलं होतं. लोएलला त्याची मान धरावीशी वाटली. पुढच्याच क्षणी वाटलं, मर्लच्या जागी असा एखादा असता तर? मग मी आज कुठे असतो? हा विचार त्याला पुरा करवेना. आणि तो ठोकळा कर्टसाठी नसून, चाल जिना चढून वर आणणाऱ्या बापासाठी असला तर? हा तर त्याला सुरूही करवेना.

"डिट्मर सर, बटाटे?" डाव्या बाजूच्या पोराने भांडं पुढे धरलं. डोळ्यांत सरळ बघत. लोएलने त्याच्या डोळ्यांत बघितलं. स्वच्छ, नम्र, बंद डोळे. त्यानेच घडवलेले. त्याने पोराचं नाव घेऊन आभार मानले आणि चमचाभर बटाटे घेतले. मग उजवीकडून रस्सा आला, समोरून पाव, पलीकडून लोणी, प्रत्येकाबरोबर एक चेहरा, तितकाच सरळ, तितकाच नम्र. ज्याने टाकला तोही असाच बघणार होता. मग बटाट्यांचं भांडं फिरून दुसऱ्यांदा आलं. लोएलच्या ताटातले पहिले बटाटे तसेच होते. पण भांडं पुढे करणारा हात काळ्या ठोकळ्याचा की पांढऱ्या गोटीचा ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून नको म्हणायचा त्याला धीर झाला नाही. त्याने पोराकडे बघितलं, नाव घेतलं, आभार मानले आणि आणखी चमचाभर वाढून घेतले.